सत्तेचाळिशीत नोकरी डळमळली, तर फंडाला हात लावायचा का?

"दादा, फंड काढायचा म्हटलं तर किती दिवसांत मिळतो?"

मावसभावाचा फोन रात्री साडेदहाला. फंड म्हणजे पीएफ. कारखान्यात हयात गेलेली माणसं अजून फंडच म्हणतात. हा सत्तेचाळीस वर्षांचा, चाकणला एका कंपनीत सुपरवायझर. एक लाइन बंद होणार, काही जणांना कमी करणार, अशी कुजबुज चार दिवस कँटीनमध्ये चालली होती. त्याला स्वतःला कुणी काही म्हटलेलं नव्हतं. तरी घरी आल्यावर जेवायच्या आधी त्यानं मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडलं होतं.

गेली बावीस वर्षं मी पगारपत्रकं आणि पीएफची चलनं करतोय. हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण चाळीस ते पन्नासमधले असतात. पंचविशीतल्या पोराची नोकरी गेली तर तो गावी जाऊन महिनाभर आंबे खाऊन येतो. सत्तेचाळिशीत घराचा हप्ता असतो, मुलीची फी असते, आईच्या गोळ्या असतात, आणि मुलाखत घेणारा आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतो. हे कारखान्यांपुरतंच आहे असंही नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कात्री मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवर असल्याचंही सांगितलं होतं. हिंजवडीतल्या इमारतींमध्ये त्या आठवड्यात कोणती पासबुकं उघडली गेली असतील, ते सांगायला नको.

या वयाच्या माणसाला विचारलं तर तो दोन काळज्या सांगतो. नोकरी टिकेल का, आणि म्हातारपणी पुरेल का. मला धास्ती वाटते ती या दोन्हींच्या मधल्या वर्षांची. आज सत्तेचाळीस, पेन्शन अठ्ठावन्नला. मधली अकरा वर्षं पगार असेल, कमी असेल किंवा नसेल. ती ओढून नेण्यासाठी माणूस फंड मोडतो, आणि मग नोकरीही गेलेली असते आणि म्हातारपणही.

भावाची सॅलरी स्लिप घेऊनच सांगतो. आकडे सोयीसाठी गोल केलेत.

एक कपात, दोन पिशव्या

त्याचा बेसिक आणि डीए मिळून ३०,००० रुपये. त्यातून १२ टक्के, म्हणजे ३,६०० रुपये फंडाला कापले जातात. कंपनीही आपल्याकडचे ३,६०० भरते. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं फार थोड्यांना माहीत असतं: कंपनीच्या वाट्यातला एक भाग फंडात जातच नाही. तो पेन्शन योजनेत जातो, जिला ईपीएस-९५ म्हणतात. नियमानं हा भाग ८.३३ टक्के, पण मोजायचा जास्तीत जास्त १५,००० रुपये पगारावर. म्हणजे १,२५० रुपये. बेसिक तीस हजार असो की तीन लाख, पेन्शनच्या पिशवीत महिन्याला १,२५० च पडतात.

उरले २,३५०. ते आणि त्याचे स्वतःचे ३,६०० मिळून फंडात दरमहा ५,९५० रुपये. (तुमच्या स्लिपवर पीएफची कपात १,८०० दिसत असेल, तर तुमची कंपनी सगळा हिशोबच १५,००० वर करते. कायद्याला ते चालतं. तुमचा फंड मात्र त्या मानानं बारीक राहतो, आणि नोकरी बदलताना हे कुणी विचारत नाही याचं मला कायम नवल वाटतं.)

दोन्ही पिशव्यांचा स्वभाव अगदी वेगळा. फंड तुमच्या नावावर साठतो, त्यावर दरवर्षी व्याज जमा होतं. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं. पेन्शनच्या पिशवीत तुमच्या नावानं शिल्लक नसते. सगळ्यांचे पैसे एका हौदात जातात आणि तुमची पेन्शन ठरते ती एका सूत्रानं. त्यात तुम्ही किती भरलेत हे नसतंच. किती वर्षं भरलेत हे असतं.

पेन्शन किती? बसा, मग सांगतो

सूत्र असं: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, पण कमाल १५,०००. वीस वर्षं पूर्ण झाली तर दोन वर्षं जादा धरतात. किमान दहा वर्षं झाली तरच मासिक पेन्शन.

भाऊ या कंपनीत ऑक्टोबर २०१४ ला लागला. अकरा वर्षं झाली. अठ्ठावन्नपर्यंत नोकरीत राहिला तर बावीस, अधिक दोन, म्हणजे चोवीस. १५,००० गुणिले २४ भागिले ७०: महिना ५,१४३ रुपये. हे त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो हसला. त्याला वाटलं मी एक शून्य विसरलो.

आणि आज नोकरी सुटली, पुन्हा पीएफवाली मिळालीच नाही, तर अकरा वर्षांचे २,३५७ रुपये, तेही अठ्ठावन्नला. पन्नाशीपासून घेता येते, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी तितकी दर वर्षामागे ४ टक्के कपात. ती एकदा झाली की झाली. अठ्ठावन्नला पुन्हा पूर्ववत होत नाही. शिवाय ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. जी सुरू झाली तीच. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली, आणि ती ७,५०० करा म्हणून म्हातारे पेन्शनर वर्षानुवर्षं आंदोलन करतायत, त्यात आपल्या बुलढाण्याचे बरेच.

तरीही तिला हसू नका. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. त्यातले कित्येक याच वयाचे होते. त्यांच्या पदरी ही पेन्शनही नव्हती, कारण योजनाच सुरू झाली १६ नोव्हेंबर १९९५ ला. फंड आणि ग्रॅच्युइटी हातात घेऊन माणसं सातारा-कोकणात परतली, आणि घराचं छप्पर आणि एक लग्न यात ते पैसे संपले.

दोन बारकावे इथेच सांगून टाकतो, कारण पासबुक बघताना लोक त्यावरच अडतात. १ सप्टेंबर २०१४ च्या आधीची नोकरी असेल, तर त्या वर्षांना पगाराची मर्यादा १५,००० नाही, ६,५०० धरतात. आणि त्या तारखेनंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्या, बेसिक १५,००० हून जास्त असलेल्या माणसाला पेन्शन योजनेत प्रवेशच नाही. कंपनीचे सगळे १२ टक्के त्याच्या फंडात जातात. अशांना पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं आणि ते मला घाबरून फोन करतात. घाबरायचं काही नाही, उलट फंड जास्त साठतो. फक्त म्हातारपणी या योजनेची पेन्शन येणार नाही एवढं लक्षात ठेवायचं.

२०१४ मधली मोटारसायकल

भावाची ही दुसरी नोकरी. त्याआधी २००५ पासून नऊ वर्षं तो भोसरीत होता. ती सोडली तेव्हा मधे अडीच महिने घरी होता. कुणीतरी फॉर्म आणून दिले, यानं सह्या केल्या. एक फॉर्म फंडाचा, दुसरा १०-सी, पेन्शनच्या पैशांचा. दहा वर्षं भरली नव्हती म्हणून तेही एकरकमी मिळाले. त्यातून मोटारसायकल आली, थोडं सोनं आलं. मोटारसायकल चार वर्षांपूर्वी भंगारात गेली.

त्याच १०-सी फॉर्मवर दुसरा पर्याय असतो: पैसे नकोत, स्कीम सर्टिफिकेट द्या. म्हणजे 'या माणसाची नऊ वर्षं सर्व्हिस झालेली आहे' असा दाखला. तो पुढच्या नोकरीत जोडला असता तर ती नऊ वर्षं, ६,५०० च्या हिशोबानं, आज महिना ८३५ रुपयांची भर होती. शिवाय दहाची अट दुसऱ्या कंपनीत एका वर्षातच पार झाली असती.

८३५ रुपये म्हणजे काय मोठं, असं तो म्हणाला. नाहीच. मोठं गेलं ते फंडाचं. तेव्हा त्याचे दीड लाख होते. ते पुढच्या कंपनीच्या खात्यात वर्ग केले असते तर साडेआठच्या आसपास व्याजानं अठ्ठावन्नपर्यंत बावीस वर्षं वाढले असते, म्हणजे जवळपास सहापट. आता यूएएन हा एकच नंबर जन्मभर चालतो, बदली बरीच सोपी झालीय. नोकरी बदलली आणि फंड मात्र मागच्या खात्यात पडून असेल तर तो वर्ग करून घ्या. काढू नका.

नऊ लाखांचे दोन रस्ते

आज त्याच्या फंडात नऊ लाख आहेत. घराचा हप्ता १४,०००, बाकी घरखर्च ३२,०००, असे महिन्याला ४६,०००. नोकरी गेली आणि फंड काढून घर चालवलं तर नऊ लाख वीस महिनेसुद्धा पुरत नाहीत.

तेच नऊ लाख नुसते पडू दिले, पुढे एक पैसा भरला नाही, तरी ८.२५ टक्क्यांनी अकरा वर्षांत साडेएकवीस लाख होतात. नोकरी सुटली म्हणून व्याज थांबत नाही. अठ्ठावन्नपर्यंत ते मिळत राहतं. हे मी सांगितलं की लोक अविश्वासानं बघतात, कारण 'तीन वर्षांनी खातं बंद पडतं' ही अफवा प्रत्येक कँटीनमध्ये फिरत असते. फरक एवढाच, नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर प्राप्तिकर लागतो.

काढायचंच झालं तर किती काढता येतं? ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, विश्वस्त मंडळानं नियम बदलायचा निर्णय घेतला: बेकार झाल्यावर ७५ टक्के लगेच, उरलेले २५ टक्के बारा महिन्यांनी. आधी दोन महिन्यांत सगळं मिळायचं. या बदलावर बरीच बोंब झाली, 'आमचेच पैसे आणि आम्हालाच नाही'. मला तो पाव हिस्सा अडकवणं पटतं. ती मोटारसायकल मी स्वतः पाहिलीय.

आता अप्रिय भाग. समजा नोकरी टिकली आणि अठ्ठावन्नपर्यंत दरमहा ५,९५० जात राहिले. साडेएकवीसमध्ये आणखी बारा लाख पडतात, एकूण साडेतेहतीस. ऐकायला भरघोस. पण महागाई ६ टक्के धरली तर आजचा ३२,००० चा घरखर्च तेव्हा ६०,००० च्या पुढे गेलेला असेल. साडेतेहतीसपैकी ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, जी त्या योजनेची कमाल मर्यादा आहे, तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी महिन्याला २०,५०० येतात. त्यात पेन्शनचे ५,१४३ मिळवा. पंचवीस हजारांच्या थोडं वर. खर्च साठ.

पगार वाढत जाईल, तसा फंडही वाढेल, त्यामुळे चित्र इतकं काळं राहणार नाही. पण फंड आणि पेन्शन आहे म्हणजे म्हातारपण निभावलं, असं समजणाऱ्यानं हा हिशोब एकदा स्वतःचे आकडे घालून करावा.

मग हातात काय असतं?

नोकरी जाते तेव्हा फंड सोडूनही काही पैसे येतात, आणि मधली वर्षं ओढायला पहिले वापरायचे ते हे. ग्रॅच्युइटी: शेवटचा बेसिक-डीए गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. भावाचे एक लाख नव्वद हजार होतात. पाच वर्षं झाली की हा हक्क आहे, राजीनामा दिला तरी मिळतो, आणि देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यावी लागते. शिल्लक रजेचे पैसे आणि नोटीस पिरियडचा पगार यांचा कागद वेगळा मागून घ्या. नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे, तिच्यात नोकरी संपल्यावर थकलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायची तरतूद आहे. 'फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी' हे वाक्य तुम्हाला तरीही ऐकू येईल. ऐकू आलं तर तारीख लिहून मागा.

राजीनाम्याबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. माणसाला केबिनमध्ये बोलावतात, पाणी देतात आणि म्हणतात, तुमच्या रेकॉर्डसाठी चांगलं म्हणून तुम्हीच राजीनामा द्या. तिथल्या तिथे सही होते. कपात केलेल्या कामगाराला कायद्यानं एक महिन्याची नोटीस आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई मिळते. राजीनामा दिलेल्याला ती मिळत नाही, कारण कागदोपत्री त्याला कुणी काढलेलंच नसतं. ही भरपाई 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्याला आहे. मॅनेजर तिच्यात येत नाहीत, आणि महिना १८,००० हून जास्त पगाराचे सुपरवायझरही नाहीत. पण न्यायालयं पदनाम बघत नाहीत, प्रत्यक्ष काम बघतात. कार्डावर सुपरवायझर आणि दिवसभर मशिनवर स्वतःच उभा, अशी माणसं चाकणला हवी तेवढी सापडतील. माझा भाऊ त्यातलाच. त्याला एवढंच सांगितलं की केबिनमध्ये काहीही पुढे आलं तर 'घरी वाचून उद्या सांगतो' म्हणायचं, आणि त्या रात्री लेबरच्या वकिलाला फोन करायचा.

दुसरी गोष्ट कंपनीच्या मेडिक्लेमची. शेवटच्या दिवशी ती संपते, बायकोची आणि आई-वडिलांचीही. सत्तेचाळिशीत शुगर निघालेली असते, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत वाट बघायला लावतात. म्हणून स्वतःची छोटी पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यायची, म्हणजे ती वाट पगार चालू असताना संपते. वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेवढं कारण पुरे. वेळ गेलीच असेल तर नोकरी सुटायच्या आत त्याच विमा कंपनीकडे सामूहिक पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची विचारणा करायची.

बचत वाढवायची तर कुठे, हा त्याचा पुढचा प्रश्न. फंडातच जादा रक्कम टाकता येते, तिला व्हीपीएफ म्हणतात. कंपनीला एक पत्र दिलं की पगारातून कपात सुरू. महिना ५,००० जादा टाकले तर अकरा वर्षांत दहा लाखांच्या आसपास जमतात. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम, हीही चांगली, अकरा वर्षं हा काळ शेअर बाजाराला पुरेसा आहे. पण मार्च २०२० मध्ये बाजार काही आठवड्यांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पडला होता, आणि नोकरीची खात्री नसलेला माणूस नेमका तेव्हाच एसआयपी मोडतो. ज्याच्या लाइनवर कुजबुज चालू आहे त्यानं माझ्या मते यातलं काहीच आत्ता सुरू करू नये. आधी सहा महिन्यांचा खर्च, भावाच्या बाबतीत पावणेतीन लाख, बँकेत साध्या मुदत ठेवीत. तो तिथे असेल तर फंड मोडायची वेळच सहसा येत नाही. नोकरी टिकल्याचं नक्की झालं की मग व्हीपीएफचं पत्र.

आणि नवी नोकरी लागली तर ती कशी आहे ते बघा. या वयात बऱ्याच जणांना 'कन्सल्टंट' म्हणून घेतात. हातात येणारा आकडा मोठा दिसतो, कारण त्यातून फंड कापलेला नसतो, आणि कंपनीचा वाटाही नसतो. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शनची वर्षं थांबलेली. पन्नास हजार कन्सल्टंट म्हणून आणि त्रेचाळीस हजार पगारपत्रकावर, यात मी भावाला दुसरी घ्यायला सांगेन. त्याच्या बायकोला हे पटलेलं नाही, आणि घर तीच चालवते.

शेवटी मी त्याला पासबुक बंद करून त्याच पोर्टलवर 'ई-नॉमिनेशन' उघडायला लावलं. कोरं होतं. अकरा वर्षं, नऊ लाख, आणि वारसाच्या जागी कुणी नाही. आधार नंबर दोघांचे पाठ होते. फोटो चढवायचा होता, तर वहिनींचा पासपोर्ट साइज फोटो घरात सापडेना. रात्री साडेअकराला भिंतीपुढे उभं करून मुलीनं मोबाइलवर काढला. त्यात वहिनी डोळे मिटून आल्या, म्हणून दुसरा काढला.